सेफर पडला नाही

...आणि वर लोक मलाच विचारतात, डोळ्याला काय झालं! काय झालं म्हणजे? दाराला धडकलो! नाही, थांबा, तुमच्याशी कशाला खोटं बोलू? गळ्याशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी तिथे नव्हतोच... म्हणजे होतो, पण लांब, कोपऱ्यात, आपला गप्प उभा!

तर आमचं सिनेगॉग, म्हणजे आम्हा ज्यूंचं प्रार्थनाघर. एकच खोली, वर बायकांचा सज्जा, खाली बाकं, आणि बाकांवर मोजून दहा पुरुष. नऊ झाले तर सेफर उघडता येत नाही. सेफर म्हणजे आमची पवित्र गुंडाळी, चामड्यावर हाताने लिहिलेली, दोन दांड्यांवर गुंडाळलेली, वजन म्हणाल तर दोन वर्षांचं पोर! आणि तो हातातून जमिनीवर पडला, की पाहणाऱ्या प्रत्येकाला चाळीस दिवस उपास. चाळीस! म्हणून आधीच सांगून ठेवतो, काळजी करू नका, सेफर पडला नाही!

दर शनिवारी त्यातला एक पाठ वाचायचा. वाचायचा म्हणजे गायचा, आणि सेफरमध्ये ना स्वरांच्या खुणा ना चालीच्या, सगळं आधी डोक्यात हवं. आमच्याकडे ते एकाच डोक्यात होतं, माझ्या मामांच्या. मामांना त्यांच्या आजोबांनी शिकवलेली चाल, दुसरीकडे कुठेही नाही. एकेचाळीस वर्षं मामांनी एक शनिवार चुकवला नाही. आणि दोन वर्षांपूर्वी डोळे जायला लागले. मामा म्हणाले, "डोळे जाऊ देत रे, चाल नको जायला." मग त्यांनी वर्षाचे पाठ शिष्यांना वाटून दिले. काही कुलूपवाल्याला, काही शिंप्याला... आणि असेच इकडेतिकडे काही.

कुलूपवाला आणि शिंपी म्हणजे साप-मुंगूस बरं का! एक बाक सोडून बसतात, कारण एका बाकावर बसले तर बाक मोडतो.

तर गेल्या शनिवारी मामांना दिसायचं साफ बंद झालेलं. मामांनी चाचपडत कपाट उघडलं, सेफर काढला आणि एका भल्या माणसाच्या हातात दिला. कोण ते सोडा हो. चांगला माणूस. देखणा. तो सेफर छातीशी धरून टेबलाकडे निघाला, तर कुलूपवाला म्हणतो, "चल शिंप्या, म्हण." शिंपी म्हणतो, "मी? आज तुझा पाठ!" "माझा? अरे, बाह्या उलट्या लावणाऱ्या, तुला पाठ येत नाही म्हणून माझ्यावर ढकलतोस?" "मला येत नाही? स्वतःच्या घराचं कुलूप दगडाने फोडलंस तू!"

झालं! कुलूपवाल्याने शिंप्याच्या कानाखाली काढली, शिंपी खाली वाकला, आणि ती चुकून बसली त्या भल्या माणसाच्या डोळ्यावर. पण सेफर पडला नाही!

आता शब्बाथला, म्हणजे आमच्या पवित्र शनिवारी, कापड फाडायचं नाही, हा आमचा नियम. शिंपी नियमाचा पक्का. त्याने आधी कुलूपवाल्याच्या कॉलरचं बटण हळुवारपणे काढलं, कॉलर नीट बाजूला केली आणि मग गचांडी धरली! मारायलाही मनाई आहे म्हणा, पण एका वेळी माणूस किती नियम लक्षात ठेवणार? कुलूपवाल्याने लाथ घातली शिंप्याच्या नडगीवर, लागली चुकून त्या भल्या माणसाच्या. शिंप्याने बुक्की हाणली कुलूपवाल्याच्या नाकावर, फुटला चुकून त्या भल्या माणसाचा ओठ. तो बिचारा हात कुठून वर करणार? हातात सेफर! टेबलावर ठेवावा तर टेबलावर कुलूपवाला आडवा! पळावं तर दहाचे नऊ होतात! दहातलाच एक बेकरीवाला दारात उभा राहून ओरडतोय, "मरायचं असेल तर वाचन झाल्यावर मरा!"

आणि वरून मामी! सज्जातून अर्धी बाहेर वाकून... "अरे मेल्यांनो, डोक्यात नका मारू! पाठ डोक्यात आहेत! पाठीत मारा, पाठीत!"

आणि ते ऐकतात हो मामीचं! लगेच पाठीत. धपाधप! चुकून. त्यात एका दाताचा तुकडा उडाला, तो पुढच्या बाकावरच्या डॉक्टरांच्या टोपीत सापडला, भला माणूस गुडघ्यावर आला, कोपरं जमिनीला टेकली, हनुवटीने गुंडाळी दाबून धरली... पण सेफर पडला नाही!

तेवढ्यात मामा उठले. काठी आपटली. सगळे थिजले.

"झालं का मारून?" मामा म्हणाले. "पाठ मी दोघांना नाही, तिघांना वाटलेत. आजचा तिसऱ्याचा आहे. दोन वर्षं तो मला सांगतोय, मामा, घरी घोटतोय, आज घसा बसलाय, आज पाहुणे आलेत. मी विश्वास ठेवला, कारण माझ्याच बहिणीचा मुलगा आहे." आणि मग अगदी हळू, "सेफर आज न वाचता कपाटात गेला, तर मी उद्यापासून इथे येणार नाही."

काय करणार हो? त्या भल्या माणसाला धरून उभं केलं, सेफर टेबलावर उघडला, आणि मामा त्याच्या कानाला लागून एकेक ओळ गुणगुणत गेले, तो चांदीची काडी ओळीवरून सरकवत मागोमाग म्हणत गेला. तीन तास! ओठ हा एवढा सुजलेला, त्यामुळे चाल जरा फुर्र-फुर्र अशी यायची. आणि शिंपी मागे बसून मन लावून ऐकत होता, पाठ करत होता. आता आमची पुढची पिढी सुजलेली चाल गाणार, आणि नातवंडांनी विचारलं, तर सांगणार, परंपरा आहे!

आता तुम्ही म्हणाल, यातलं खोटं किती? शपथेवर सांगतो, सगळं खरं आहे. भांडण खरं, दात खरा, मामी तर शंभर टक्के खरी. खोटं एवढंच, ते 'चुकून'. नेम दोघांचाही पहिल्यापासून पक्का होता. आणि हो, तो माणूस देखणा म्हटलं, ते जरा वाढवून सांगितलं.

चला, निघतो. सहा वाजता मामांकडे शिकवणी असते. एकटा जाईन म्हटलं, पण ते दोघं न्यायला खाली येऊन उभे आहेत... आणि आज माझ्या हातात सेफर नाही, म्हणजे मी पडलो तरी कुणाला उपास नाही हो!