शिवरामभाऊंची भीती

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आगार व्यवस्थापक माननीय कुंदाताई साळवी. व्यासपीठावरच्या पाहुण्या, आमच्या भागातल्या पशुवैद्यक डॉक्टर हिमानी मॅडम. सत्कारमूर्ती चालक शिवराम भालेराव आणि त्यांच्या शेजारी बसून मघापासून मला ‘आवरतं घ्या’ अशी खूण करणाऱ्या गंगूवहिनी. आगारातले सगळे चालक, वाहक, कार्यशाळेतली मंडळी आणि चामटोलीहून आलेले माझे गावकरी बंधूभगिनी, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी हिंदुराव काकडे. एस्टीशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. माझा धंदा लग्नात घोडी आणि बग्गी देण्याचा. उल्हासनगर कॅम्प दोनला दुकान, चामटोलीला घोड्यांची पागा. साताऱ्याकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या घोडीचा लगाम धरून वरातीत चालायचो. लगाम धरणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, समोर सगळी नाचणारी माणसं. त्याला कानावर चालावं लागतं. ढोल कुठे वळला, फटाक्यांची माळ कुठे लागणार, नवरदेवाचे काका किती प्यायलेत, सगळं कानांनी ओळखायचं. ते कान अजून शाबूत आहेत. आत्ताच तिसऱ्या रांगेत कोणीतरी म्हणालं, “घोडेवाला एस्टीवर काय बोलणार?” बरोबर आहे, दादा. मी घोडीवरच बोलणार आहे.

माझ्या आधी सगळ्यांनी शिवरामभाऊंच्या धैर्याचं कौतुक केलं. विनाअपघात सेवेचा बिल्ला, पुरातून सुखरूप काढलेली गाडी, सगळं खरं. पण मी त्यांचा शेजारी आहे, म्हणून जरा वेगळं बोलायची परवानगी घेतो. शिवराम भालेराव हा मी पाहिलेला सगळ्यात घाबरणारा माणूस आहे.

हसू नका. वहिनी हसल्या तर चालेल, त्यांना माहीत आहे.

माणूस कशाला घाबरतो? कोणी सापाला, कोणी साहेबाला. शिवरामभाऊ घोड्याला. लहानपणी कल्याणला टांग्याचा घोडा उधळताना त्यांनी पाहिला होता आणि त्याच्या पायाखाली आलेला माणूसही पाहिला होता. त्यामुळे आमच्या पागेवरून जाताना हा गृहस्थ रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचा. “शिवरामभाऊ, चहा घ्या,” म्हटलं की, “इकडं आणून द्या शेठ.” चहासुद्धा रस्त्याच्या पलीकडे.

आता काजूबद्दल सांगतो. काजू म्हणजे माझी तरुण घोडी, काजूच्याच रंगाची. वरातीला अजून निघाली नव्हती. घोड्यांच्या बाजारातून ट्रकने येताना, घाटात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि ही दोन मोठ्या घोड्यांच्या पायांत पडली. अंगाची जखम भरली. पण त्या दिवसापासून गाडीचं मागचं फाळकं खाली पडल्याचा आवाज आला तरी तिला घाम फुटायचा. उभ्या जागी, सावलीत.

गेल्या उन्हाळ्यात करवंदीच्या जाळीत तोंड घालताना तिच्या डाव्या डोळ्यात काटा गेला. डॉक्टर मॅडम आल्या, बत्ती लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “हिंदुराव, इथे माझ्या हातात काही नाही. आजच्या आज मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्यापर्यंत डोळा फुटेल. विष आत उतरलं तर डोळ्यावरच भागणार नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, ही गाडीत चढत नाही. झोपेचं इंजेक्शन द्या.”

“थोडं देते. जास्त दिलं तर पाय लटपटतील. प्रवास तिला उभ्याने करायचाय. पडली आणि डोळा आपटला, तर मग मला फोन करू नका.”

मॅडम, तुम्ही एरवी इतकं मऊ बोलता. त्या दिवशीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आमच्या धंद्यात न चढणाऱ्या घोड्याला चढवायची एक रीत आहे. डोळ्यांवर फडकं बांधायचं, मागून दोघांनी हातात हात गुंफून पुठ्ठ्याला रेटा द्यायचा, पुढून एकाने ओढायचं. पण जखमी डोळ्यावर फडकं बांधणार कसं? तेव्हा घोड्यांची निगा राखणारा माझा मोतद्दार रघु म्हणाला, “शेठ, चांगल्या डोळ्यावर बांधू ना.” मलाही ते पटलं. इतकी वर्षं घोड्यांत काढलेली आम्ही माणसं, आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की दुखऱ्या डोळ्याने तिला दिसतच नाहीये. चांगला झाकला म्हणजे आम्ही तिला आंधळी केली. आणि आंधळी करून ओढायला लागलो, टेम्पोच्या फाळक्यावर, ज्याच्या नुसत्या आवाजाने तिला घाम फुटायचा.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. तिचं डोकं टेम्पोच्या वरच्या कांबीपासून एवढं, एवढंच लांब राहिलं. रघु खाली पडला, तिचे खूर त्याच्या कानाजवळ आपटले. आणि ती ओरडली. घोडी खिंकाळते, फुरफुरते. ओरडताना मी तोवर ऐकली नव्हती. फडकं काढलं, दोरी सैल सोडली, आणि मी तिथेच मातीत बसलो. त्यात टेम्पोचा ड्रायव्हर मुकेश म्हणाला, “शेठ, मी ही गाडी नेणार नाही. माझी पोरं लहान आहेत.”

रस्त्याच्या पलीकडे शिवरामभाऊ उभे होते. साप्ताहिक सुट्टी, अंगात बनियन.

मी म्हटलं, “भाऊ, गाडी चालवाल का?”

“गाडी चालवीन. घोडी नाही.”

“घोडी मागं. तुम्ही पुढं.”

“तिचं तोंड कुठल्या बाजूला?”

“पुढं. तुमच्याकडं.”

मग विचारलं, “मधी पत्रा आहे ना?”

तेवढ्यात फाटकातून वहिनी म्हणाल्या, “रोज गाडीभर माणसं नेता, त्यातली निम्मी तुम्हाला शिव्या देतात. ही बिचारी शिव्या तरी देणार नाही. जा.”

मंडळी, ते रस्ता ओलांडून आले. माणूस किती घाबरलाय हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. भाऊंचा श्वास आणि काजूचा श्वास त्या वेळी अगदी सारखा चालला होता, आखूड आणि वरच्या वर.

घोडीकडे न बघता त्यांनी गाडी बघितली. आत वाकून म्हणाले, “शेठ, या दोन दांड्यांच्या मधी तिला उभी करणार?”

“हो. आवळून बसली की हलत नाही.”

“उभा प्रवासी आवळला की पडतो. त्याला पाय फाकून उभं राहायला जागा लागते. तुमच्या घोडीला तर वरचा दांडा धरायला हातपण नाहीत.”

आता घोड्यातलं मला कळतं, उभ्या प्रवाशांतलं त्यांना. मग दोघांनी मिळून काम काढलं. त्या दोन दांड्यांतली एक सोडवली. टेम्पो शेताच्या बांधाला मागे घेतला, म्हणजे फाळकं उतरतं न राहता जवळपास सपाट टेकलं. ते पोकळ वाजत होतं, म्हणून त्यावर माती आणि पेंढा पसरला. आमची म्हातारी घोडी आहे, तिला सगळे मावशी म्हणतात, तिला आधी आत चढवलं. मावशीला गाडी म्हणजे खुराक एवढंच माहीत. ती आत जाऊन चघळायला लागली.

आणि मग आम्ही काहीच केलं नाही. हे सगळ्यात अवघड. काजूची दोरी माझ्या हातात, सैल. तिने एक पाय पेंढ्यावर ठेवला, मागे घेतला. रघु ओढायला धावला, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. दोन पाय ठेवले, थरथरली, परत उतरली. उतरू दिली. तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ऊन चढत होतं, डॉक्टर मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. माझं मन म्हणत होतं, हिंदुराव, रेटा दे, वेळ जातोय. कान म्हणत होते, थांब, अजून श्वास वरच आहे.

मग तिने मान खाली केली आणि नाकातून लांब फुर्र केलं. घोडा असं करतो तेव्हा त्याची भीती गेलेली नसते. पण भीतीच्या पलीकडचं त्याला दिसायला लागलेलं असतं. मी एक पाऊल टाकलं. ती माझ्यामागून आत आली, मावशीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

फाळकं लावणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, “मागे वाहक कोण?”

“मी आहे की.”

“मग घंटी कुठंय?”

घंटी वाजवली तर घोडी उधळणार. पत्र्यावर थाप मारली तरी तेच. तेव्हा त्यांनी ही दोरी मागितली. हीच, बघा. एक टोक केबिनच्या मागच्या खिडकीतून आत घेऊन स्वतःच्या उजव्या दंडाला बांधलं, डावा हात गिअरला लागतो म्हणून. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “एकदा ओढली की थांबेन. दोनदा ओढली की निघेन. का थांबवलं ते विचारणार नाही.”

वाहक अंजनीताई समोर बसल्यात. तुम्हीच सांगा, ताई, का थांबवलं ते न विचारणारा चालक किती वेळा भेटतो?

बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं. मला आतून काही दिसत नव्हतं. पण गतिरोधक आला की गाडी जणू त्याची परवानगी घेऊन चढायची. वळणाआधीच वेग उतरलेला असायचा. काजू पाय फाकून उभी, पोटऱ्या थरथरताहेत, पण उभी. मी दोरी घट्ट धरली होती. खरं सांगतो, ती तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होती.

उल्हासनगरात शिरलो आणि मला दुपारच्या वरातीचा बँड ऐकू आला. माझ्याच धंद्याचा आवाज. पुढच्या नाक्यावर वरात थांबते आणि तिथेच फटाक्यांची माळ लागते, हे मला पाठ. काजूचे कान ताठ झाले. मागच्या पायाने तिने पत्र्यावर एक लाथ घातली. मावशी दचकली. अजून एक लाथ, मग तिने मान झटकली, आणि तो डोळा कांबीपासून बोटभर अंतरावर.

मी दोरी एकदा ओढली.

गाडी थांबली, इंजिन बंद झालं. मागून हॉर्न सुरू झाले. भाऊ उतरल्याचं ऐकू आलं, आणि मग वरातीतल्या कोणा मोठ्या माणसाशी त्यांचं बोलणं.

“साईं, दो मिनट बाजा बंद करो. गाडी में पेशंट है.”

“कौन पेशंट?”

“घोडी.”

“घोडी? घोडी तो ये खडी है, दूल्हा लेके.” मोठा हशा झाला.

“साईं, उसकी बच्ची समझो. आँख में काँटा गया है. बारूद फूटा तो आँख भी फूटेगी. मैं हाथ जोडता हूँ, मुझे खुद घोडे से बहोत डर लगता है. फिर भी लाया हूँ.”

हशा थांबला. मग कोणीतरी सिंधीत काही म्हणालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बिनबँडची वरात ऐकली. शेकडो चपला नुसत्या घासत आमच्या टेम्पोजवळून गेल्या. एक बाई पोराला दटावत होती, “चुप, अंदर बीमार है.” शेवटी नवरदेवाच्या घोडीचे घुंगरू तेवढे वाजले. काजूने ते ऐकले आणि बारीक आवाजात साद घातली. बाहेरून त्या घोडीने उत्तर दिलं.

मग बाजूची ताडपत्री उचलली गेली आणि भाऊंचा हात आत आला. बाकी माणूस बाहेरच. तो हात हवेत चाचपडत तिच्या मानेला लागला. तिने वास घेतला आणि तसाच राहू दिला.

मी दोरी दोनदा ओढली. ते केबिनमध्ये चढेपर्यंतही मला धीर नव्हता. चढल्यावर त्यांनीच हसून सांगितलं, “शेठ, उतरताना मी दोरी दंडाची सोडून सीटला अडकवली होती. परत ओढा.”

आम्ही वेळेत पोचलो. डोळा वाचला. त्यात टिकलीएवढा पांढरा डाग राहिलाय, पण डावीकडून येणारा माणूस तिला दिसतो. परतीच्या वाटेवर मी भाऊंना विचारलं, “एवढी भीती वाटते तर हो का म्हणालात?” ते म्हणाले, “शेठ, मला रोज सकाळी स्टेअरिंग धरताना वाटते. मागे माणसं उभी असतात. ज्याला वाटत नाही त्याच्या गाडीत मी बसणार नाही.”

मंडळी, उद्या सकाळपासून यांच्या मागे कोणी उभं नसणार. काल पागेच्या फाटकाशी ते मला म्हणाले. फाटकाशी, बरं का, आता रस्त्याच्या अलीकडे येतात. म्हणाले, “शेठ, उद्यानंतर काय करायचं ते कळत नाही. लई भीती वाटते.” श्वास तसाच, वरच्या वर.

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने एक सांगतो. बाहेर आवारात बग्गी उभी आहे आणि तिला काजू जोडलेली आहे. भाऊ आणि वहिनींना आम्ही वाजतगाजत नेणार नाही, गाजावाजा दोघांनाही सोसत नाही, म्हणजे काजूला आणि भाऊंना. बग्गी फक्त इथून स्टेशनच्या वळणापर्यंत, पुढे घरी एस्टीचीच गाडी सोडेल. लगाम मी धरणार. आणि भाऊ, नको म्हणायच्या आधी हे घ्या. एक टोक माझ्या दंडाला बांधलंय. हे दुसरं तुमच्या हातात. आज तुम्ही मागे बसायचं. एकदा ओढलीत की मी थांबेन. का थांबवलं ते विचारणार नाही.

एस्टीतल्या मंडळींनी घोडेवाल्याला बोलायला उभं केलं, याबद्दल आगाराचे, अंजनीताईंचे आणि डॉक्टर मॅडमचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या भीतीला हसलो असेन, तर ते पोटात घाला. आता बसायला हवं खरं तर, पण बसता येत नाहीये.

भाऊंनी दोरी दोनदा ओढलीय.