गुरुवारी शून्य पावलं

प्रियदर्शनी : बुधवारी चौदा हजार पावलं. शुक्रवारी तेरा हजार आठशे. आणि मधल्या गुरुवारी शून्य. अप्पा, गुरुवारी दिवसभर तरंगत होतात का?

सिद्धाप्पा : घड्याळ घरी ऱ्हायलं आसंल.

महानंदा : घरी कसं ऱ्हाईल? मीच मनगटावर बांधून दिलं की. वर म्हणले, पोरीनं पुण्यास्नं पाठिवलंय, भिजवू नका.

सिद्धाप्पा : मग बिघडलं आसंल. कुटला माल हाय कुणास ठावं.

प्रियदर्शनी : एकदा बदलून दिलंय ते. तेव्हा एका दिवसात साठ हजार दाखवलं होतं. मी फोन करून विचारलं, चालत तुळजापूर गाठलंत का? तर म्हणालात, घड्याळच खुळं आहे. आता याही घड्याळाला गुरुवारी वेड लागतं? त्याच्या आधीचे दोन गुरुवारही शून्यच आहेत.

सिद्धाप्पा : सुट्टीला आलीयास, चार घास खा, झोप काढ. सकाळी सकाळी उलटतपासणी कसली लावलीस?

प्रियदर्शनी : सुट्टीला नाही आले मी. उद्या तुमचा स्कॅन आहे म्हणून आले. डॉक्टर म्हणाले, रोज एवढा चालणारा माणूस, तरी साखर तीनशेच्या खाली येईना, म्हणजे पोटात दुसरं काहीतरी असेल, बघून घेऊ. दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

महानंदा : आन् ते ऐकल्यापास्नं मला झोप न्हाय. रात्री उठून बघते, ह्येंचा श्वास चाललाय का न्हाय. आन् गुरुवारी तर कारखान्यात लाईटच नसती.

सिद्धाप्पा : त्येचा हितं काय संबंध?

महानंदा : काय म्हाईत. बोलता बोलता तोंडात आलं. ह्या महिन्यात दर गुरुवारी लाईट बंद, माग बंद, तुमी दुपारीच घरी...

प्रियदर्शनी : अव्वा, थांब. माग बंद की पावलं बंद?

(सिद्धाप्पांनी बशीत चहा ओतला. प्यायचा त्यांना नव्हताच. मान खाली घालायला काहीतरी हवं होतं, एवढंच. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मुकादमी करून माणसं दाबात ठेवली, पण घरी बायको आणि लेकीपुढं ती मुकादमी कधी चालली नव्हती.)

सिद्धाप्पा : दोन नंबरच्या मागाला बांधत हुतो.

महानंदा : काय?

सिद्धाप्पा : घड्याळ. मागाचा दांडा पुढं-मागं, पुढं-मागं व्हतो का न्हाय? घरातनं निघालं की घड्याळ बंद करून खिशात, कारखान्यात चालू करून त्येला सुतळीनं बांधायचं. दोन तासांत चौदा हजार व्हत्यात. टॉवेलबी निघत्यात. पयल्या दिवशी सोडायचंच इसरलो, दिवसभर तसंच ऱ्हायलं. ते तुजं तुळजापूर.

प्रियदर्शनी : म्हणजे दोन महिने मी ऑफिसात ज्याला त्याला मोबाईल दाखवत होते... बघा, माझे वडील छप्पन्न वर्षांचे आहेत, रोज चौदा हजार पावलं चालतात! आणि चालत होता दोन नंबरचा माग!

सिद्धाप्पा : चांगला माग हाय त्यो. कदी बंद पडत न्हाय.

महानंदा : हसू नका! हसलात तर बघा. प्रिया, डॉक्टरला बी हेच आकडे गेले?

प्रियदर्शनी : मीच पाठवले. दर रविवारी. त्याच्यावर विसंबून तर स्कॅन लिहून दिला त्यांनी.

महानंदा : म्हणजे पोटात काय न्हाय?

प्रियदर्शनी : काय आहे ते आता कुणालाच माहीत नाही, अव्वा. पण आपल्याला वाटली ती भीती अप्पांनी मागावर विणलेली आहे.

महानंदा : आन् मी नवस बोलून बसले! सिद्धेश्वराला म्हणले, ह्येंच्या पोटात काय निघू देऊ नको, एकवीस दिवस पहाटं अनवाणी तुज्या दारात यीन. आज एकविसावा. तळवे बघा. बघा की! नजर चुकवू नका.

सिद्धाप्पा : तू तर म्हणायचीस दूध आणाय जातीस.

महानंदा : खरं सांगितलं आसतं तर भ्याला आसता. आन् लाज वाटती बोलायला, पण माजा गुडघा दुखायचा थांबलाय. जिना चढताना धाप लागत न्हाय. चालायचं कुणी आन् चालतंय कुणी!

प्रियदर्शनी : का, अप्पा? एक कारण द्या. कंटाळा येतो? मग कंटाळा म्हणा. पहाटे पाचला फोन करून उठवलं तुम्हाला. रागावले, लाडीगोडी लावली, रडलेसुद्धा. तुम्ही प्रत्येक वेळी "निघालोच बघ" म्हणालात. पुण्यात बसून ढकलून ढकलून माझे हात दुखायला लागलेत.

सिद्धाप्पा : मला वाटत न्हाय व्हय? रोज झोपताना ठरवतो, उद्या जायचंच. सकाळी पाय खाली सोडतो आन्...

महानंदा : आन् काय?

सिद्धाप्पा : तू तुजं काम बघ.

महानंदा : हेच काम हाय आज. बोला.

सिद्धाप्पा : गेलतो मी. घड्याळ आलं त्याच दिवशी. बांधून, ऐटीत, नव्या पेठंतनं. बराच लांब गेलो तर मागनं एकजण वरडतोय, "ओ काका, चप्पल!" बघतो तर डावा पाय मोकळा. चप्पल कवाच मागं पडलेली, सोनाराच्या दुकानाम्होरं. तितनं मी तसाच चाललोय. लोक हसले. मीबी हसलो.

महानंदा : आवो, व्हतं तसं कदीकदी.

सिद्धाप्पा : ऐकून तर घे. घरी येऊन बघतो तर टाचेत काच. रगत वाळून गेलेलं. मला पत्ताच न्हाय. काच काढली तरीबी न्हाय. जरा तरी दुखायला पायजे हुतं, पोरी.

प्रियदर्शनी : अप्पा...

सिद्धाप्पा : गड्ड्याच्या जत्रंत सात वर्सं नंदीध्वज पेललाय मी. एवढी उंच काठी, वाऱ्यानं डुलतीय, समदं सोलापूर बघतंय. लोक म्हणायचे, सिद्धाप्पाचा पाय हालत न्हाय. आता त्याच पायाला चप्पल धरता यीना. कुटं सांगू?

प्रियदर्शनी : डॉक्टरांना सांगायचं! पाय बधिर होतायत, हे पहिल्यांदा सांगायचं!

सिद्धाप्पा : तुज्या शिवलिंगप्पा काकानं सांगितलं हुतं. आदी बोट बधिर झालं. मग बोट गेलं. मग गुडघ्यापातूर पाय गेला. माज्या थोरल्या भावाला मीच उचलून रिक्षात घालत हुतो, म्हाईत हाय ना?

प्रियदर्शनी : काकांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि तुम्ही नाही चाललात, साखर अशीच राहिली, तर तेच होणार आहे.

सिद्धाप्पा : म्हाईत हाय! म्हणून तर पाय उचलंना. चाललो न्हाय तर पाय जाणार, आन् चालाय लागलं की पाय गेल्यागतच वाटतंय. काय करावं माणसानं?

महानंदा : मागाला चालाय लावावं.

सिद्धाप्पा : मार टोमणे.

महानंदा : मारणारच. माजा राग गेलेला न्हाय. वरीसभर जायचा न्हाय. टाच दाखवा आदी.

सिद्धाप्पा : भरली ती.

महानंदा : दाखवा म्हणते ना. हं. भरलीय. रोज झोपताना मी बघणार आता, दोनी पाय. कुरकुर चालायची न्हाय.

प्रियदर्शनी : डॉक्टरांना नऊला फोन लावते. तुम्ही बोलायचं, अप्पा. पायाचं सगळं. उद्याचा स्कॅन करायचा की नाही, ते मग ते ठरवतील. आणि दुपारी मागून पट्टा असलेल्या चपला आणू.

सिद्धाप्पा : पायाचं सांगतो. मागाचं तेवढं तू सांग.

प्रियदर्शनी : मागाचंही तुम्हीच.

महानंदा : नऊला अजून दोन तास हायत. उठा.

सिद्धाप्पा : कुटं?

महानंदा : देवळात. एकविसावा फेरा ऱ्हायलाय. पोरीचा चहा करायचा म्हणून थांबले हुते.

सिद्धाप्पा : तितपातूर मला...

महानंदा : तितपातूर कुणी म्हणलं? कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपातूर चला. तितनं माघारी फिरा. उद्या गिरणीच्या पुढं बघू.

प्रियदर्शनी : अप्पा, घड्याळ?

महानंदा : ठेव ते हितंच. दोन नंबरच्या मागाला आज सुट्टी हाय म्हणावं.

सिद्धाप्पा : सकाळची येळ हाय, महानंदा. गल्लीतले समदे दारात बसले आसत्याल. आन् चप्पल परत सुटली तर?

महानंदा : तुमी पुढं व्हा. मी मागनं येते. सुटली की सांगते.