सुभद्राताईंची साडेपाचची फेरी

समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या छडीची आठवण माझ्या तळहातावर अजून ताजी आहे असे आमचे कमलाकांत गुरुजी; विद्यमान सरपंच दामिनीताई; पंचायत समितीहून वेळात वेळ काढून आलेले गटविकास अधिकारी साहेब; आजच्या सत्कारमूर्ती सुभद्राताई पाठक; आणि पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नत्थुजीचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माजी सरपंचाची पाच मिनिटं किती लांबतात, हे संयोजकांना ठाऊक असायला हवं होतं. असो.

शासनानं मधे सुभद्राताईंचं पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. पण आपल्या तोंडी त्या ग्रामसेविकाबाईच. अमरावतीहून सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं जायचं. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त त्रास कोणाला दिला असेल? मला! अन् आज त्यांच्या निरोपाचं भाषण करायला गावानं मलाच उभं केलं. आपलं गाव असंच आहे, गुरुजी.

मी सरपंच होतो तेव्हाची गोष्ट. नाल्याकाठच्या ई-क्लास जमिनीसाठी, म्हणजे आपल्या त्या सरकारी पडीत जागेसाठी, निधी आला होता. तिथं मला दुकानगाळे बांधायचे होते. निवडणुकीत तसा शब्दच दिला होता. आता निधी कशावर लावायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि तिच्याआधी बायांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. आपल्याकडची महिला सभा कशी होत होती, हे साहेबांसमोर सांगू का? सांगतोच, आता माझं काय जाणार आहे! शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरायचा, बाया स्वयंपाक करता करता सही करायच्या, झाली सभा.

ते रजिस्टर मी सुभद्राताईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सरपंचसाहेब, याला कणीक लागली आहे. सभा चुलीजवळ भरली होती का?"

मी तापलो. म्हटलं, "बाई, जास्त कायदा शिकवसान तं तिकडं जंगलात, धारणीले बदली करून टाकीन."

त्या शांतपणे म्हणाल्या, "करा की. तिकडे झाडंच झाडं आहेत. बागेसाठी कोणाशी भांडावं तरी लागणार नाही."

बाग हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाया त्यांना केव्हाच सांगून बसल्या होत्या.

मग शाळेच्या व्हरांड्यात खरीखुरी महिला सभा भरली. अध्यक्षस्थानी मी. पार्बताबाई उभ्या झाल्या आणि म्हणाल्या, "दुकानं बांधसान तं माणसं बसतीन तंबाखूचा खर्रा घोटत. आमी कुठी बसाव? संध्याकाळी हायवेनं फिराव तं ट्रक अंगावर येऊन राह्यले." सुभद्राताईंनी हात वर करायला सांगितलं. बागेसाठी त्रेसष्ट हात. गाळ्यांसाठी एक. तो एक हात माझ्या घरचा होता, माझ्या बायकोचा, गोदाबाईचा.

मला तेव्हा फार अभिमान वाटला. मूर्ख माणसाला अभिमान लवकर वाटतो.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेनंही बागेचाच ठराव केला. बाग झाली. पुढच्या वर्षी देखभालीसाठी घरपट्टीसोबत महिन्याला दहा रुपये जास्तीचे द्यायचे, हेही गावानं हात वर करून ठरवलं. सुट्ट्या दोन रुपयांसाठी कंडक्टरशी थेट वलगावपर्यंत भांडणारं आपलं गाव! मी निवडणुकीत पडलो ते त्याच वर्षी. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

सारा गाव बागेत जाऊ लागला. गोदाबाई मात्र गेली नाही. मीही गेलो नाही, पण माझा तर ताठा होता. मग तिला शुगर निघाली. डॉक्टरनं रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ती अंगणात ट्रॅक्टरभोवती फिरायची. एक दिवस मी म्हटलं, "अवो, बागेत काहून जात नाही?"

ती म्हणाली, "जिच्या विरोधात हात वर केला, तिथं कोन्या तोंडानं जाऊ?"

मी विचारलं, "मंग तुले दुकानंच पायजे होती न?"

"मले बागच पायजे होती," ती म्हणाली. "तुमी खुर्चीवर एकटे दिसून राह्यले होते."

मंडळी, त्यानंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी कोणाला काही बोललो नाही. पण सुभद्राताईंना कसं कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी साडेपाचला त्या आमच्या दारात. "गोदाबाई, माझ्या बसला वेळ आहे. एकटीनं फिरायला मला कसंतरीच वाटतं. येता का सोबत?" ज्या बाईनं अख्ख्या पंचायतीला एकटीनं वठणीवर आणलं, तिला एकटीनं फिरायला कसंतरी वाटतं! पण गोदाबाई गेली. त्या दिवसापासून चार वर्षं, कार्यालयाचा दिवस असला की साडेपाचला त्या दारात हजर. कितीदा त्यांची बस चुकली, मला माहीत आहे. मी खिडकीतून पाहत होतो. बाहेर येऊन एकदाही आभार मानले नाहीत.

सुभद्राताई, ते आज मानतो. गावाच्या वतीनं नाही, गाव आपलं पाहून घेईल. माझ्या घराच्या वतीनं मानतो. कार्यालयाला नवीन अधिकारी मिळतील. पण उद्या साडेपाचला आमच्या दारात कोण येणार, हा विचार गोदाबाई आठवडाभर करून राहिली आहे. बोलत नाही, पण तिचं जेवण कमी झालं आहे.

अध्यक्ष महोदय, वेळ संपला आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला लागलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. मात्र त्या व्हरांड्यात जे चुकलं, त्याची माफी मी सभेकडे मागत नाही. ती ज्या बाईकडे मागायची, ती तिसऱ्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली आहे. आपण सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. आता गुरुजींच्या परवानगीनं एकच वाक्य तिच्यासाठी.

गोदे, उद्या साडेपाचले चपला घालून तयार राहजो. दोघंबी जाऊ.