धुराचं पाणी

आमी सातपूरचेच, माळी. आता जिथं कारखाने दिसत्यात ना तुम्हाला, तिथं आमची मेथी, कोथिंबीर, शेवंती व्हायची, मग जमीन वसाहतीत गेली आन राहिला तो विहिरीभोवतीचा तुकडा. तो माझा थोरला भाऊ नाना कसायचा, आन मी भिंतीपल्याडच्या कारखान्यात बॉयलरवर लागलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

बॉयलर लय पाणी पितो. कारखान्यानं बोअर मारला, तो चालू झाला की नानाची विहीर खाली जायची. नाना मला कधी बोलला नाय. मीच जेवताना मान खाली घालायचो, भाजी त्याच्या वावरातली आन पगार त्या बॉयलरचा.

मग दोन हजार साल उलटल्यावर एक इंजिनियर म्याडम आल्या. म्हणल्या, धुराड्यातून जातो त्या धुरात पाण्याची वाफ हाय, ऊब हाय, दोन्ही फुकट चाललंय. त्यांनी धुराच्या वाटेवर लोखंडी पेटी बसवली, आत चिनी मातीसारख्या नळ्या, डोळ्याला दिसणार नाय इतक्या बारीक छिद्रांच्या. धूर नळ्यांच्या बाहेरून जायचा, वाफेचं पाणी होऊन नळीत झिरपायचं, आन गरम गरम परत बॉयलरला. मी म्हणलं, आपला माठ बाहेर पाझरतो, हा आत पाझरतो. म्याडम हसल्या, म्हणल्या, तसंच समजा काका. बोअर निम्मा वेळ बंद राहायला लागला. विहिरीला पाणी टिकलं, नानानं लय वर्षांनी शेवंती लावली. मालक म्हणले, दिवाळीपर्यंत असंच चाललं तर बोअर कायमचा बंद.

नानाला काय करू आन काय नको झालं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असती, तर हा शेवंतीचा हार घेऊन आला, म्हणला त्या पेटीचा नारळ मीच फोडणार. आमी दगडावर फोडतो. काय सांगू तुम्हाला, त्यानं हात जोडले, डोळे मिटले आन नारळ पेटीवरच हाणला, दोन्ही हातांनी, जीव लावून. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

दसऱ्याची सुट्टी झाली, बॉयलर पेटवला, तर पाण्यात काजळी. म्याडमनी पेटी उघडली, नळ्या ओळीनं तडकलेल्या. नारळ कुठं फोडला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तडकलेल्या नळीवरनं बोट फिरवलं, म्हणल्या, काका, भावाला सांगू नका, धक्का लागंल अशा जागी मीच बसवली ती. मालक म्हणले, नळ्या परदेशातून येत्यात, आता पुन्हा नाय. बोअर चालू झाला.

विहीर आटली, तुकडा विकला. म्याडम कुठं हायेत ठाऊक नाय, असतील तिथं सुखात राहोत. नाना आता इथंच द्वारका चौकात दुसऱ्याची फुलं विकतो. खंडेनवमीला माझ्याकडं जेवायला येतो, आन दरसाल म्हणतो, धाकल्या, माझ्याच पूजेत काय तरी कमी पडलं रे, नायतर ती पेटी कशाला बंद पडती. मी त्याला वाढतो आन म्हणतो, नाय नाना, तुझ्या पूजेत काय बी कमी नव्हतं.