पहिली घंटी

(हिंगणघाट, डिसेंबर १९९७. जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग विकणारे सदाशिवराव दुपारी घरी जेवायला बसले आहेत. त्यांची बायको रुख्मिणी वाढते आहे.)

रुख्मिणी : पण दिवाळीतच तर त्या नागपूरच्या नीरजनं नवे फोन बसवले. मंग काल पुन्हा काऊन बोलावला त्याले? बिघडले इतक्यात?

सदाशिवराव : बिघडले नाई. घेतानाच माह्यं चुकलं होतं. त्यानं दोन नमुने दाखवलते. एकात बाहेरचा फोन आला का सगळ्याच टेबलावर वाजते, जो उचलीन तो बोलीन. दुसऱ्यात एकाच टेबलावर वाजते, अन् तिथून बटन दाबून ज्याले पायजे त्याले द्या लागते. दिपाली म्हणे, पहिला घ्या, सीझनमधी गिऱ्हाईक ताटकळत नाई. मी दुसरा घेतला. नीरजनं विचारलं, पहिली घंटी कोणाच्या टेबलावर? म्हटलं, माह्या.

रुख्मिणी : मालक हाव तुमी. त्यात काय वाईट?

सदाशिवराव : मालक म्हणून नाई घेतला. प्रफुल गेला, त्याले तीन वर्षं झाली. भावाची बायको घरात रडत बसण्यापेक्षा बरी, म्हणून मीच दिपालीले दुकानात आणून बसवली. तवा रोलर कशाले म्हणतात हे तिले माहीत नव्हतं. आता वणीचा जिनवाला फोन करते अन् म्हणते, दिपालीताईले द्या. आर्वीचे बापूराव, माह्यासंग शाळेत होते, तेबी म्हणतात, सदाशिवा, ताई आहे का? मले वाटलं, फोन माह्या हातात आला का हे लोकं पुन्हा माह्याशी बोलतीन.

रुख्मिणी : बोलले?

सदाशिवराव : राम राम म्हणण्यापुरते. मंग ताईले द्या. आधी निदान मले ऐकू तरी येत नव्हतं, कोण कोण तिले विचारते ते. आता दिवसभर मी तिच्या टेबलाचा बारा नंबर दाबून राह्यलो, अन् काचेपलीकडं ती बोलून राह्यली, हसून राह्यली. तीस वर्षं दुकान केलं मी, रुख्मिणी. अन् ऑपरेटर झालो.

रुख्मिणी : मले सांगाचं होतं.

सदाशिवराव : काय सांगू? धाकट्या भावाच्या बायकोवर जळतो म्हणून?

रुख्मिणी : मीबी जळत होती. सकाळी ती पर्स अडकवून निघाली का मी भांडे जोरानं आपटत होती. या घरात माह्या नावानं कधी कोणाचा फोन आला नाई.

सदाशिवराव : माह्या ध्यानात नाई आलं.

रुख्मिणी : नाईच येत. भात घ्या, अन् पुढं सांगा.

सदाशिवराव : सोमवारी वणीचा फोन आला. मशीनचा पट्टा तुटला, जिन बंद, कापसाच्या गाड्या दारात उभ्या. म्हणे, ताईले द्या, त्याईले माप माहीत आहे. मी म्हटलं, नाई आहे. समोर बसली होती ती. माप मले ठाऊक नव्हतं, अन् विचाराची लाज वाटली. त्यानं फोन ठेवून देल्ला.

रुख्मिणी : मंग पट्टा?

सदाशिवराव : दुसरीकडून आणला त्यानं, मंगळवारी. दीड दिवस लोकं कापूस घेऊन थंडीत बसले. बुधवारी तो माणूस इकडं कामानं आला, तर दुकानात शिरला. दिपालीले म्हणे, ताई, सोमवारी कुठं गेलत्या?

रुख्मिणी : तिनं काय सांगतलं?

सदाशिवराव : माह्याकडं एकडाव पाह्यलं. मंग त्याले म्हणे, "सावंगीले दवाखान्यात गेलती." माह्यासाठी खोटं बोलली. तो गेला, अन् ती आपली कामाले लागली. मी वाट पाहून राह्यलो, आता बोलीन, आता भांडीन. पण मी भासरा, तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, माह्यासमोर ती कधी तोंड वर करून बोललीच नाई. शेवटी मीच फोन उचलून बारा दाबला. म्हटलं, "दिपाली, सोमवारी खोटं मी बोललो. लोकं तुले विचारतात, ते मले सहन होत नाई."

रुख्मिणी : फोनवर? समोर बसली असून?

सदाशिवराव : तोंडावर झालं नसतं माह्याच्यानं. तिनं हातातला पेन खाली ठेवला. मंग म्हणे, "मले कळत होतं, भाऊजी. पण हे सारे नंबर मी तुमच्याच वहीतून घेतले. पहिल्या वर्षी मी फोन केला का ते म्हणत, सदाशिवरावले द्या."

रुख्मिणी : तिलेबी लागलं असन तवा.

सदाशिवराव : लागलंच असन. ती बोलली नाई. मी घंटी आपल्या टेबलावर ओढून घेतली. म्हणून काल नीरजले बोलावलं अन् पहिली घंटी तिच्या टेबलावर करून घेतली. आज सकाळपासून तिचा फोन थांबला नाई. माह्यावाला चूप.

रुख्मिणी : दुखते?

सदाशिवराव : दुखते. तुह्यापाशी खोटं काऊन बोलू? बारा वाजेपर्यंत नुसता त्या फोनकडं पाहत बसलो. मंग एकडाव वाजला.

रुख्मिणी : कोणाचा होता?

सदाशिवराव : तिचाच. म्हणे, "भाऊजी, तुमी जेवून या. घरी रुख्मिणीताई तुमच्याशिवाय जेवत नाईत, त्याईले रोज उशिरापर्यंत उपाशी ठेवता तुमी. मी आहे इथं."

रुख्मिणी : असं म्हणाली?

सदाशिवराव : हो. तुह्यंबी ताट घे.