हुइया मावशीची हाक

पहिल्या महायुद्धात परदेशी पडलेल्या सैनिकांच्या, चुनुक बैर डोंगरावरच्या स्मारकाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत हेदर उभी होती. पुढे तिच्याच देशातली, न्यूझीलंडची, माओरी म्हातारी आणि तिचा भाचा होता.

"हुइया मावशी, चाकांची खुर्ची मागवू? वर चढ आहे."

"माझा आजा गोळ्यांच्या माऱ्यात चढला नि तिथंच पडला रे, तामती. मला काठी टेकत जमणार नाही?"

"आणि वर आजाला आपल्या रिवाजाची हाक मारताना आवाज फाटला तर?"

"फाटू दे. इतक्या वर्षांत घरचं कुणी आलंय का त्याच्याकडे? फाटकाही गोड लागेल त्याला."

"सगळे बघतील गं."

"त्यासाठीच तर नवा कोट घातलाय!"

वर स्मारकापाशी मानवंदनेचं बिगुल थांबलं. हुइयानं माओरीत आजाला हाक दिली. अर्ध्यावर आवाज खरंच फाटला. तेव्हा तामतीनं टोपी काढली आणि उरलेली हाक डोंगर दुमदुमेल अशी पुरी केली. हेदर नकळत ताठ उभी राहिली.

"केवढ्यानं ओरडतोस!" हुइया डोळे पुसत म्हणाली. "आजा आहे तो माझा, बहिरा नाही."