अध्यक्षांचा पाय

नाही, डॉक्टर, मी उठत नाही. बसूनच निरोप घेऊ — म्हणजे तुम्ही उठा, मी बसतो — नाही, तसं नव्हे, तुम्हीही बसा. पुण्याच्या गाडीला अजून अवकाश आहे. कूड्री, कूड्री, बसा हो. ही घोंगडी? ही अशीच. चैत्रातली हुबळी म्हणजे तापलेला तवा, हे मला का कळत नाही? कळतं. पण माझ्या पायांना वारं सोसत नाही. वाताचा त्रास. वय झालं की पाय आधी म्हातारे होतात, डोकं मागून येतं. सकाळी तुमच्याबरोबर विहिरीवर आलो नाही म्हणून मनात काही आणू नका. पेठेच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष मी, योजना माझी, आणि सरकारने ती तपासायला पाठवलेले तुम्ही एकटेच शेवाळलेल्या पायऱ्या उतरून आलात. शोभतं का हे? नाही शोभत. पण पाय मुरगळलेला, काय करणार. मघाशी वात म्हणालो का? दोन्ही आहे. आधी वात आला, मग त्यावर मुरगळला.

तर तुम्हाला एकही रोगी दिसला नाही. अख्ख्या पेठेत नारूचा एक माणूस नाही. बरोबर आहे, कसा दिसेल — लपवतात हो सगळे. नारू म्हणजे काय, लोक उघड्या पायाने विहिरीत उतरतात, त्यांच्या जखमेतलं बी पाण्यात सुटतं, तेच पाणी दुसरा पितो, आणि वर्षभराने त्याच्या पायातून सुतळीएवढी लांब अळी बाहेर डोकावते — हे मी तुम्हाला, एका डॉक्टरला, कशाला सांगतोय? जन्मभर धारवाडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, समोर माणूस बसला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण सांगायचं ते वेगळंच होतं. मुलीच्या घरात नारू आहे म्हटलं की सोयरीक मोडते. दुकानदाराला आहे म्हटलं की गिऱ्हाईक त्याचा गूळ घेत नाही. मग काय करतात? बसून राहतात. तुम्ही पेठेतून चालत आलात, ओट्यांवर पुरुष बसलेले पाहिलेत ना? एक तरी उभा होता? भर उन्हात मांडीवरून पंचे सोडून, पाय झाकून, कुणाला इतकी थंडी वाजते हो या गावात — माझ्याकडे काय पाहता? माझं वेगळं. माझा वात आहे.

पद्मनाभराव वकील तुम्हाला विहिरीवर भेटलेच असतील. भेटले ना? ओलेत्याने, गंध लावून. ते रोज तिथेच स्नान करतात. काय म्हणाले? नारू बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या लोकांबरोबर येतो आणि त्यांच्याबरोबरच परत जातो, पेठेत राहत नाही — असंच ना? म्हणजे नारू नव्हे, पाहुणा झाला. त्या पायऱ्या त्यांच्या आजोबांनी बांधल्या, दगडावर नाव आहे. मी म्हणतो पायऱ्या बुजवा, भोवती छातीएवढा कठडा घाला, वर रहाट बसवा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. ते म्हणतात, माझ्या आजोबांना बुजवायला निघाला. मी त्यांच्या आजोबांना कशाला बुजवू? आजोबा केव्हाच गेले. पण नगरपालिकेत मतं त्यांच्या बाजूला जास्त आहेत, आणि तुम्ही आज पुण्याला जाऊन ‘रोगी आढळला नाही’ असं लिहिलंत की झालं, आमच्या रहाटाचं लोखंड दुसऱ्या कुठल्या गावाला जाईल. एक रोगी हवा. एकच. नुसता एक पाय. तुम्ही म्हणालात तसं, डोळ्याने पाहिल्याशिवाय कसं लिहिणार? नाहीच लिहिता येणार. मीही लिहिलं नसतं.

माझ्या योजनेचं पहिलं वाक्य तुम्हाला खटकलं वाटतं. ‘जिथे विद्या आहे, तिथे नारू नाही.’ खटकायला काही हरकत नाही, मलाही हल्ली खटकतं. तेव्हा फार आवडलं होतं. रात्री झोपेतून उठून तेच वाक्य म्हणायचो. आता वाटतं, हे विधान सिद्ध कशाने करायचं? एक उलट उदाहरण सापडलं की कोसळलं. म्हणजे सापडलं असं नाही. समजा. नुसतं समजा हं — एखादा शिकलेला माणूस, घरात पाणी गाळून घेणारा, वर्षानुवर्षं विहिरीच्या पायरीला पाय न लावलेला — नाही, परवा पहाटे दोन पायऱ्या उतरला तो, पाय इतका पेटला होता की वाटलं गार पाण्यात बुडवावा — पण खाली पद्मनाभराव सूर्याला अर्घ्य देत होते, तसाच मागे फिरला. ते नसते तर? बुडवला असता बहुधा. योजनेचा कर्ता योजनेच्या विहिरीत — कोण म्हणजे? कुणी नाही. समजा म्हटलं ना मी.

तहान लागली? लागणारच. अक्का, ओ अक्का, डॉक्टरांना पाणी. माझी थोरली बहीण, अंबूताई. आम्ही दोघंच असतो घरात. ती मडीत आहे, तेव्हा जवळ येणार नाही, उंबऱ्यावर पेला ठेवील, तुम्ही उचलून घ्या. मडी म्हणजे तुमच्या पुण्याकडचं सोवळं, फक्त आमच्याकडे ते पुण्याहून कडक असतं — तुम्ही पुण्याचे, तुम्हाला पटणार नाही. रेल्वेच्या वसाहतीत नळ आहेत, तिथलं पाणी आणवून देतो म्हटलं, तर अक्का म्हणाली नळात चामड्याची चकती असते, ते पाणी देवाला कसं चालेल? पंपातही चामडं. म्हणून तर योजनेत पंप नाही, रहाट आहे. दोर आणि लोखंड. आधी अक्काला पटवलं, मग समितीला. समितीला पटवणं सोपं गेलं.

आणि गाळायचंही मीच शिकवलं तिला. पेठेत फडकं लावणारं हे एकच घर. आज खाट पहिल्यांदाच या जागी टाकली, पाय लांब करता यावा म्हणून, तर इथून स्वयंपाकघर सरळ दिसतं. एरवी ती मडीत असताना मी तिकडे फिरकत नाही. तुमची पाठ आहे तिकडे, वळू नका, ती लाजेल — मीच सांगतो, हे पाहा, माझ्या योजनेचं पान तुमच्या पाठीमागे जिवंत चाललंय. फडकं काठीने वरच्या वलणीवरून काढलं. दुहेरी केलं. हंड्याच्या तोंडाला बांधलं. आता घागर ओततेय, सावकाश, धार मोडू न देता. गाळ, शेवाळ, आणि नारूचं बी पोटात घेऊन फिरणारे ते बारीक कीटक, सगळे फडक्यात अडकले. खालचं पाणी निर्मळ. इथे माझी योजना संपते. पुढे काय? पुढे काही नाही, फडकं सोडायचं आणि बाहेर मोरीत धुवून — ती मोरीकडे जात नाही. ती ते फडकं उलटं करून — अक्का. अक्का, येन माडाकत्ती, काय करतेस हे?

हंड्यात खळबळून पिळलं तिने. त्याच हंड्यात. काय म्हणते ऐकलंत? कानडी कळलं नसेल, मी सांगतो. म्हणते, फडकं मडीचं, ते मोरीतल्या पाण्याने धुतलं तर मडी मोडते. मडीचं फडकं मडीच्या पाण्यातच धुवायला हवं. आणि मडीचं पाणी घरात कुठे असतं? हंड्यात. आणखी कुठेच नाही. तू गाळायला सांगितलंस त्या दिवसापासून असंच करते, म्हणते, एक दिवस चुकवलेला नाही. डॉक्टर, तर्क निर्दोष आहे. कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, इतकं नेटकं अनुमान एका विद्यार्थ्याने मांडलं नाही. चूक कुणाची? माझी. मी ‘गाळा’ लिहिलं, ‘फडक्याचं काय करा’ लिहिलं नाही. का नाही लिहिलं? कारण फडकं मी कधी धुतलेलं नाही. वर्षभर मी सगळ्या पेठेला — त्यातलाच पेला भरून उंबऱ्यावर ठेवला तिने? उचललात तुम्ही?

थांबा, चहा घ्या ना. उन्हात पाण्यापेक्षा चहा बरा, चांगला खळखळून उकळलेला. नको? पाणीच हवं? मग कोकमाचं सरबत — नाही, त्यातही तेच पाणी. काही नाही, पुटपुटतो मी, वयाने. घ्या. नाही, म्हणजे घेऊ नका इतक्यात, फार गार आहे, घसा बसेल. पेठेत सगळे हेच पितात, मीही पितो, मला काय झालंय? काय झालंय मला. डॉक्टर, तो पेला खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. तरुण आहात, पुढल्या चैत्रात पुण्यात तुम्हीही असेच बसाल, पाय झाकून, आणि बायकोला वात आहे म्हणून सांगाल.

कशावरून? कशावरून विचारताय. ते फडकं तुम्ही पाहिलं नाहीत, माझ्यावर विश्वास का ठेवावा? नका ठेवू. धरा हे टोक. ओढा. सावकाश हो, घोंगडी कडेला चिकटलीय.

हा पाहा तुमचा रोगी.

घोट्याच्या वर. पंधरवडा झाला असेल बाहेर डोकावून, आधी मला वाटलं धोतराचा दोरा. अक्कालाही ठाऊक नव्हतं. आता झालं. ऐकताय ना, ती देवाला काय काय बोलतेय — देवाला नव्हे, मला बोलतेय. हसू नका. तुम्ही हसत नाही आहात? तुम्ही खूश झालात. तुम्हाला रोगी मिळाला, खरंच की हो, आणि गाडीही चुकत नाही. लिहा मग. असं लिहिता येईल का, ‘पेठेतील एका सुशिक्षित इसमाच्या पायात’? येईल, पण नको. पद्मनाभराव म्हणतील बाजाराला आलेला कुणी सुशिक्षित असेल. नाव लिहा. प्रोफेसर जयतीर्थ, एम.ए., आरोग्य समितीचे अध्यक्ष. उद्या सबंध कोर्टात याचीच चर्चा होईल, बाररूममध्ये पद्मनाभराव माझ्यासारखं लंगडून दाखवतील, त्यांना नकला चांगल्या येतात. अध्यक्षपद जाईल का? जाईल. रहाट येईल का? तेवढं तुम्ही सांगा. मान हलवलीत ती होकाराची ना? तुमच्याकडे हो म्हणताना मान अशी उभी हलवतात, आमच्याकडे आडवी, म्हणून विचारतो.

दार जरा उघडं राहू द्या. समोरच्या ओट्यावर शंकरअण्णा बसलाय, पंचा घेऊन, त्याला दिसू दे. शंकरअण्णा, इकडे बघ, मी काढली घोंगडी. काढ तूही, डॉक्टर आहेत तोवर. पाहतोय. डॉक्टर, त्याने पंचा उचलला — नाही, तोंड पुसलं. परत पायावर घातला. घालू दे. एकदा पाहिलं ना त्याने, आता त्याला झोप लागायची नाही.

तुम्ही खाली कशाला बसताय, पँट मळेल. काडी आहे खिशात? आगपेटीची? चालेल. नारू काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, घाई केली की तुटतो आणि तुटला की पाय भोपळा होतो, हे तुम्हाला मी — बरं, बरं. दुखत नाही. दुखतंय. माझ्या मनात एक शंका आहे, कठडा छातीएवढा लिहिलाय पण छाती कुणाची, पुरुषाची की बाईची, पाणी तर बायकाच भरतात, मग त्यांच्या कमरेला — काय? मी बोललो की पाय हलतो? असेल. मग काय, बोलायचंच नाही? काडी सुटेपर्यंत? डॉक्टर, मी जन्मभर — हो. हो, धरतो पाय घट्ट. फक्त एवढंच सांगायचं होतं की ते फडकं —